गोल्फच्या मैदानावरील वेष

क्रिकेट, हॉकी व फुटबॉल हे खेळ आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेत. गोल्फ मात्र बहुतेकांनीं दुरूनच पाहिला असेल. लहानसा कठीण चेंडू लांब काठीनें टोलवीत, शक्य तितक्या थोड्या टोल्यांत अठरा खळग्यांत क्रमानें घालावयाचा, एवढाच या खेळाचा विधि. परंतु त्यांत खेळाइतकीच खेळाडूंच्या कपड्यांचीही चर्चा चालते. वेषाचा नियम कशासाठीं जन्मास येतो आणि पुढें त्याचें काय होतें, हें समजण्यास हें उदाहरण फार उपयोगी आहे. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करूं.

गोल्फचें माहेर स्कॉटलंड. तेथील व इंग्लंडांतील जुन्या गोल्फमंडळ्यांचे सभासद तांबडे कोट घालून खेळत. त्या काळीं मैदान म्हणजे पुष्कळदां गांवची मोकळी जमीनच असे. तेथून लोकांची ये-जा चाले. वेगानें येणारा चेंडू कपाळमोक्ष करावयास पुरेसा असल्यामुळें, दुरून तांबडा कोट दिसला कीं लोक सावध होत. लंडनजवळील विंबल्डनचा माळ सर्वांस फिरावयास खुला आहे. म्हणून तेथें खेळणाऱ्यांस आजही तांबडें वस्त्र घालावें लागतें. नियमामागील हेतु किती सरळ होता पाहा!

पुढें वेषांत प्रतिष्ठा शिरली. लोकरीचा जाड कोट, नेकटाय आणि गुडघ्याखालीं चार इंच लोंबणारी सैल विजार हा सभ्य खेळाडूचा थाट ठरला. त्या चार इंचांवरूनच विजारीस 'प्लस फोर्स' हें नांव पडलें. १९२२ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स, जे पुढें आठवे एडवर्ड झाले, ते सेंट अँड्र्यूज येथील सुप्रसिद्ध क्लबाचे कॅप्टन असतांना फेअर आइल बेटाच्या धाटणीचा नक्षीदार स्वेटर घालून मैदानांत उतरले, आणि त्या दूरच्या बेटावरील विणकाम एकाएकीं फॅशन बनलें.

मऊ कॉलरचा, आंखूड बाह्यांचा विणलेला सदरा टेनिसमधून आला. फ्रेंच टेनिसपटू रने लाकोस्त यांनीं १९२६ सालीं तो खेळतांना घातला व १९३३ पासून मगरीच्या चिन्हासह विक्रीस काढला. इंग्रजांनीं आमच्या मणिपुरांतून उचललेल्या पोलो खेळाचें नांव पुढें त्यास चिकटलें. आज गोल्फचा सर्वमान्य सदरा तोच होय.

सध्यांचा पहिला मोठा बदल कापडांत आहे. गोल्फचा खेळाडू चार चार तास उन्हांत चालतो आणि टोला मारतांना कमरेपासून खांद्यापर्यंत सर्व अंग पिळतो. सुती धागा घाम पोटांत शोषून जड होतो. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ शोषीतच नाहीं. दिव्याच्या वातींत तेल चढावें तसा घाम धाग्यांमधील फटींतून बाहेरच्या अंगास पसरतो, त्वरित वाळतो व शरीर निववितो. त्यांत ताणले जाणारे इलॅस्टेनचे धागे मिसळल्यानें हात उचलतांना कापड अडत नाहीं. मात्र हें कापड खनिज तेलापासून होतें, व धुतांना त्याचे सूक्ष्म तंतु पाण्याबरोबर वाहून जातात, हा त्याचा दोषही विसरूं नये.

दुसरा बदल बाह्य रूपांत आहे. अंगाशीं बसणारे कपडे मागें पडून पुन्हां सैल विजारी, विणलेलीं बंड्यांसारखीं वस्त्रें व टोपीचे सदरे मैदानावर दिसूं लागले आहेत. टायरेल हॅटन यांनीं २०२० सालीं टोपीचा सदरा घालून इंग्लंडांतील एक मोठी स्पर्धा जिंकली, तेव्हां जुन्या मंडळींत मोठा वाद माजला. २०२४ च्या मास्टर्स स्पर्धेंत जेसन डे यांच्या बिनबाह्यांच्या स्वेटरावर ठळक मोठीं अक्षरें होतीं. चालकांनीं तो काढण्यास सांगितला व त्यांनीं तो काढला. टायगर वुड्स शेवटच्या दिवशीं तांबडा सदरा घालीत. २०२४ सालीं त्या रंगाच्या नांवानें कपड्यांचा व्यापारच निघाला. जो रंग एके काळीं वाटसरूंस सावध करी, तो आतां गिऱ्हाइकांस बोलावितो!

परंतु या विषयांतील खरा प्रश्न रंगाचा नव्हे. मैदानांत कोणास येऊं द्यावें हा आहे. १९३३ सालीं ग्लोरिया मिनोप्रिओ या बाई इंग्लंडांत स्त्रियांच्या अजिंक्यपदासाठीं लांब विजार घालून खेळल्या, तेव्हां स्त्रियांच्याच संघानें नापसंती दर्शविली. घोळदार झग्यापेक्षां विजार वाऱ्यांत सोयीची, हें कोणींही जाणावें. तरी रूढि सोयीहून बलवत्तर ठरली. २०१७ सालीं अमेरिकेंतील स्त्रियांच्या व्यावसायिक संघानें गळा, झगा इत्यादींविषयीं नियम कडक केले, आणि मोडणारीस एक हजार डॉलर दंड ठेविला. उलट तेथील पुरुषांस २०१९ सालीं आंखूड विजारीची मुभा मिळाली, ती केवळ सराव व प्रो-ॲम फेऱ्यांपुरती.

नियम नसावेत असें आमचें म्हणणें नाहीं. नीटनेटका वेष हा सोबत्यांविषयींचा आदर आहे. परंतु ज्या गुणी मुलापाशीं कॉलरचा सदरा नाहीं, त्यास फाटकावरूनच परत धाडणारा नियम कोणाचें रक्षण करितो? तांबड्या कोटानें वाटसरूचें डोकें वांचविलें. वेषाचा कोणताही नियम, मग तो मैदानाचा असो वा शाळेचा, पाळतांना आणि विशेषतः दुसऱ्यावर लादतांना, त्यानें कोणाचें डोकें वांचतें हें आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य विचारावें.