शरणपूरची मुलं आणि मोंबासाचा नाश्ता

केनियाच्या किनाऱ्यावरच्या मोंबासात सकाळी नाश्त्याला तूर खातात. आपल्यासारखं डाळीचं वरण नाही, अख्खे दाणे. रात्री भिजवायचे, मऊ शिजवायचे आणि कांदा-मिरची घालून नारळाच्या घट्ट दुधात आटवायचे. सोबत महाम्री. ही त्रिकोणी, टम्म फुगलेली, आतून पोकळ, वेलदोड्याच्या वासाची. पुरी म्हणावी तर यीस्टने फुगवलेली, डोनट म्हणावा तर मध्ये भोक नाही आणि वर साखरेचा लेपही नाही. किनारा सोडून नैरोबीकडे चढत गेलं की याच कुळातला मंदाझी भेटतो, पण तिकडे पुष्कळदा बेकिंग पावडरवर काम भागवतात. चहात बुडवायला मंदाझी ठीक आहे. माझं मत विचाराल तर पदार्थ म्हणजे महाम्रीच.

हे वेड मला गोवंडीत लागलं. गोवंडी म्हटलं की लोकांना देवनारचा कत्तलखाना आणि कचऱ्याचा डोंगर आठवतो. स्टेशन रोडवरची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था सहसा कोणी आठवत नाही. सर दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रं यांनी मिळून ती १९५६ साली काढली. आशिया-आफ्रिकेतले विद्यार्थी इथे जनगणनेचं आणि जन्म-मृत्यूंचं शास्त्र शिकायला येतात. केनियाच्या किनाऱ्यावरून आलेल्या अशाच एका अभ्यासक बाईंनी मला महाम्री शिकवली. सामानासाठी गोवंडीच्या बाजाराबाहेर जावं लागलं नाही. मैदा, वेलदोडे, कोरडं यीस्ट आणि नारळ, सगळं एका वाण्याकडे मिळालं.

अर्धा किलो मैद्याला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर, चहाचा एक सपाट चमचा यीस्ट, सात-आठ वेलदोड्यांची ताजी पूड, चिमूटभर मीठ. पाणी अजिबात नाही, पीठ कोमट नारळाच्या दुधात भिजवायचं. इतक्या वाट्या मैद्याला किती वाट्या दूध, असले हिशेब बाईंनी केले नाहीत. बोट दाबलं की खळगा हळूहळू वर यायला हवा, एवढीच त्यांची खूण. साधारण तीनशे मिलीलीटर लागतं. दहा मिनिटं तिंबून पीठ झाकून ठेवायचं. मुंबईच्या उकाड्यात ते तासाभरात दुप्पट होतं. मग एकेक गोळा पोळीपेक्षा जाड, अर्ध्या सेंटीमीटरच्या वर लाटून त्याचे चार तुकडे करायचे आणि लगेच न तळता पंधरा-वीस मिनिटं फडक्याखाली ठेवायचे. ही दुसरी विश्रांती टाळली तर आत पोकळी येत नाही. तेल मध्यम तापलेलं हवं. तुकडा सोडला की तळाशी जाऊन लगेच वर आला पाहिजे. आपला हात झाऱ्याने दाबायला जातो, बाईंनी माझा हात धरला. दाबायचं नाही, झाऱ्याने कडेचं गरम तेल वर उडवत राहायचं. वरची बाजू शहारल्यासारखी होते, मग एकदम फुगते. तेव्हा उलटायची. रंग बदामी झाला की काढायची, कारण साखरेमुळे पुढचं अर्धं मिनिट फार महागात पडतं.

पश्चिम आफ्रिकेची तऱ्हा निराळी. नायजेरियाचा पफ-पफ किंवा घानाचा बोफ्रोट लाटत नाहीत. सैलसर आंबवलेलं पीठ मुठीत घ्यायचं, मूठ आवळायची, अंगठा आणि तर्जनीच्या मधून जो गोळा वर येतो तो तेलात सोडायचा. ज्याने मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, म्हणजे ईस्ट इंडियन घरात फुगे होताना पाहिलेत, तो हे वाचून हसेल. वांद्रे, मरोळ, कुर्ल्याच्या गावठाणांत लग्नाला आणि नाताळात नेमके असेच फुगे करतात. मैदा, अंडी, नारळाचं दूध, तीच मूठ, तोच अंगठा, आणि शेजारी डुकराच्या मांसाचं सोरपोतेल. जुन्या पद्धतीत पीठ ताडीने फुगवत. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडीवर गदा आली आणि यीस्टची पुडी गावठाणात शिरली. जुन्या बायका अजून म्हणतात की ताडीच्या फुग्याची चव गेली. कायदे करणाऱ्यांच्या डोक्यात दारूचा गुत्ता होता, फुगे कोणाच्याच लक्षात नव्हते.

मूठ सारखी दिसली की लगेच पोर्तुगीजांचं नाव पुढे येतं. वसई त्यांची होती, लुआंडा आणि मोझांबिक त्यांचं होतं, मग त्यांनीच गोळा इकडून तिकडे नेला असणार, असा तो तर्क. मला तो आळशी वाटतो. आंबलेलं पीठ हाताला चिकटतं आणि चमचा प्रत्येक घरात नसतो, त्यामुळे मुठीतून गोळा काढायची युक्ती दहा ठिकाणी दहा जणांना सुचू शकते. आंबवून तळलेल्या गोळ्यांची कृती १२२६ साली बगदादमध्ये अल-बगदादीने आपल्या पाकपुस्तकात लिहूनच ठेवली होती. आणि याच्या उलटा तर्क, की ‘हे सगळं आपणच त्यांना शिकवलं’, तो तर मला आणखी नावडतो.

तुरीचं गणित मात्र खरोखर दोन्ही किनाऱ्यांना जोडतं. २०१६ साली भारताने मोझांबिकशी करार केला. पहिल्या वर्षी एक लाख टन, आणि वाढवत वाढवत २०२०-२१पर्यंत दोन लाख टन तूर आणि इतर कडधान्यं तिथून घ्यायची. म्हणजे गोवंडीत शिजणाऱ्या वरणात आफ्रिकेतली तूर असू शकते. तिकडे तीच तूर नारळाच्या दुधात शिजते.

जिन्नस बोटींतून गेले-आले हे सोपं आहे. दोन्हीकडचं अन्न खाऊन वाढलेली माणसं कोण होती, हा शोध मला अधिक ओढत होता. कच्छी, खोजा, बोहरी व्यापारी आठवतात. ओमानी राजपुत्र बर्घाशही आठवतो. झांझिबारच्या गादीसाठी त्याने भावाविरुद्ध बंड केलं आणि १८५९ साली इंग्रजांनी त्याला मुंबईत आणून ठेवलं. दोन वर्षांनी तो परत गेला, १८७०ला सुलतान झाला. पण मला जी माणसं सापडली ती नाशिकची होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडत होतं. सुटलेल्या आफ्रिकी माणसांना मुंबईच्या धक्क्यावर उतरवत. त्यांतली पुष्कळ मुलं नाशिकजवळच्या शरणपूरला गेली. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइसने १८५४ साली ही वसाहत उभी केली होती. मुलांना तिथे इंग्रजी आणि सुतारकी-लोहारकीसारखे धंदे शिकवत. आज शरणपूर रोडवरून दुकानांच्या पाट्या वाचत जाणाऱ्या नाशिककरांना हे कितपत ठाऊक असेल, कोण जाणे.

आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६४ साली ‘लेडी न्यासा’ ही नदीत चालवायची आगबोट झांझिबारहून समुद्रातून हाकत मुंबईला आला, ती विकायला. बोट पुढे विकली गेली आणि पैसे ज्या बँकेत ठेवले ती बुडाली. मुंबईतल्या शेअरच्या सट्ट्याची ती वर्षं. १८६६च्या जानेवारीत तो पुन्हा आफ्रिकेला निघाला तेव्हा सोबत मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाई, उंट, म्हशी आणि शरणपूरची नऊ मुलं होती. म्हशी कशाला? त्सेत्से माशीपुढे कोणतं जनावर टिकतं ते पाहायला. जनावरं टिकली नाहीत, शिपायांना काही महिन्यांतच परत धाडलं, आणि नाशिकच्या मुलांच्या नावाने तर लिव्हिंग्स्टनने रोजनिशीत बोटं मोडली आहेत. आळशी, कामचुकार वगैरे. पाठीवर ओझी वाहायला लावलेल्या, पुस्तकं वाचणाऱ्या पोरांचं त्याच्याविषयी काय मत होतं, ते त्या रोजनिशीत नाही.

दुसरी बाजू लिहिली ती जेकब वेनराइटने. याओ जमातीचा, गुलामीतून सुटलेला, शरणपुरात शिकलेला. लिव्हिंग्स्टनला शोधून काढणाऱ्या वार्ताहर स्टॅन्लीने १८७२ साली किनाऱ्यावरून लिव्हिंग्स्टनकडे जी माणसं पाठवली त्यांत जेकब होता आणि शरणपूरचेच मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फरार हेही होते. १८७३च्या मेच्या आरंभी आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन वारला. हृदय झाडाखाली पुरलं, तेव्हा प्रार्थना वाचली जेकबने. झाडाच्या बुंध्यात नाव आणि तारीख कोरली जेकबने. सामानाची यादीही त्यानेच केली. मग मीठ लावून उन्हात सुकवलेलं प्रेत कापडात आणि सालीत गुंडाळून ही मंडळी हजारेक मैल चालत १८७४च्या फेब्रुवारीत किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचली. प्रेताबरोबर इंग्लंडला जायला मिळालं ते जेकबलाच. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीशी उभ्या असलेल्यांत तोही होता. त्या प्रवासाची रोजनिशी त्याने इंग्रजीत लिहिली. ती त्याच वर्षी छापली गेली, पण जर्मन भाषांतरात, पेटरमानच्या भूगोलाच्या नियतकालिकात. मूळ इंग्रजी हस्तलिखित वाचायला मिळायला दीडेक शतक जावं लागलं. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतरचं सगळं आपल्याला ज्या हातांमुळे कळलं, त्यांतला एक हात नाशिकला अक्षरं गिरवून तयार झाला होता. जेकब १८९२ साली आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारला.

प्राइसला पुढे मोंबासाला पाठवलं. तिथे मुख्य बेटासमोर १८७४-७५मध्ये फ्रियर टाउन वसलं. नाव बार्टल फ्रियरचं. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी ज्याच्या गव्हर्नरकीत पाडली गेली, तोच हा. १८७३च्या सुरुवातीला गुलामांचा बाजार बंद करवायला तो झांझिबारला गेला होता आणि समोर सुलतान म्हणून होता आपला मुंबईत राहून गेलेला बर्घाश. तो आधी बधला नाही, आरमारी नाकेबंदीची धमकी आल्यावर जूनमध्ये त्याने सही केली. शरणपूरची माणसं फ्रियर टाउनला आणि जवळच्या रबाईला गेली. काही तर १८६०च्या दशकातच रबाईला पोचली होती. तिकडे त्यांना ‘मुंबईचे आफ्रिकी’ म्हणत.

गोऱ्या पाद्र्यांशी त्यांचं फारसं जमलं नाही. इंग्रजी बोलणारी, बूट घालणारी, आपल्या कामाचा पुरेसा पगार मागणारी ही माणसं पाद्र्यांना उर्मट वाटत. त्यांच्या पत्रांतला तो सूर वाचताना चीड येते. शिक्षण दिलं यांनीच, आणि शिकलेला माणूस समोर बसला की खुर्ची टोचायची यांनाच. कितीतरी जण मिशन सोडून गेले. त्यांच्यातलाच विल्यम जोन्स राहिला. १८८५ साली मिशनचा बिशप हॅनिंग्टन तांड्याच्या पुढे जाऊन आजच्या युगांडातल्या बुसोगात मारला गेला, तेव्हा मागे ठेवलेला तांडा सुखरूप रबाईला परत आणला तो जोन्सनेच.

देशावरचं खाऊन मोठी झालेली ही माणसं उरलेलं आयुष्य महाम्री आणि तुरीच्या मुलखात राहिली. फ्रियर टाउन आज मोंबासाची एक वस्ती आहे आणि तिथल्या चौकात मिशनच्या काळातला घंटेचा मनोरा उभा आहे. लहानपणी चेंग्विंबे नावाने पकडला गेलेला, शरणपुरात मॅथ्यू वेलिंग्टन झालेला मुलगा मोंबासातच म्हातारा झाला. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हाही तो हयात होता. लिव्हिंग्स्टनच्या त्या अखेरच्या सोबत्यांपैकी तो शेवटचा. १९३५ साली तो वारला.