दोन जिवांची बाई आणि तेलाची वाटी



लागण, बेणे, खते, पाणी यांविषयी या पानांवर आपण नेहमीच वाचता. या खेपेचा विषय घरातला आहे. पुरुष सभासदांनी पान उलटू नये. सुनेला दवाखान्यात न्यायचे की सुईणीला बोलवायचे, हे बऱ्याच घरी अजून कर्तेच ठरवतात.

आपल्या निफाड-दिंडोरीकडे दिवस गेलेल्या बाईचे अंग चोळून देण्याची रीत जुनी आहे. डोहाळजेवणाच्या सुमारास कंबर धरते, पोटऱ्यांत गोळे येतात. मग सासू तेलाची वाटी कोमट करून बसते. ही रीत चांगली आहे, असे आमचे मत आहे. पोटाच्या भाराने कंबरेचे स्नायू ताणलेले असतात. हलक्या हाताने चोळले की सैल पडतात, झोप लागते. शिवाय सासू-सुनेचे मोकळे बोलणे होते ते याच अर्ध्या तासात, हा फायदा कुठला डॉक्टर लिहून देणार?

पण चोळावे कसे, हे कळले पाहिजे. पाचव्या महिन्यानंतर बाईला बराच वेळ उताणी निजवू नये. गर्भाशयाचा भार पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो, भोवळ येते, बाळाकडे जाणारे रक्तही कमी होते. डाव्या कुशीवर निजवावे, गुडघ्यांमध्ये उशी द्यावी. पाठ, कंबर, खांदे, तळपाय चोळावेत. पोटावर तेल नुसत्या तळहाताने फिरवावे, दाब मुळीच देऊ नये.

खरी अडचण इथेच आहे. मूल आडवे आहे किंवा पायाळू येणार असे कळले, की कोणीतरी म्हणते, “अमक्या गावची म्हातारी पोट चोळून मूल सरळ करते, तिला आणा.” सुईणींविषयी आम्हांला आदर आहे. दवाखाना लांब होता त्या काळात गावे त्यांच्याच हातांवर वाढली. 1977 च्या ग्रामीण आरोग्य योजनेत सरकारने दाईंना प्रशिक्षणही दिले. तरीही पोट दाबून मूल फिरवणे हे घरी करण्याचे काम नव्हे. त्यात वार सुटून आतल्या आत रक्त जाऊ शकते, नाळ अडकू शकते. डॉक्टरही बाहेरून हात लावून मूल फिरवतात. पण साधारण 37 आठवड्यांच्या सुमारास, सोनोग्राफी करून, बाळाचे ठोके पाहत आणि ऑपरेशनची सोय जवळ ठेवून. चरकसंहितेत नवव्या महिन्यासाठी तेलाचे उपचार आहेत, पण तेही वैद्याने करावयाचे.

आणखी एक. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर तो पाय चोळू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळण्याने ती सुटून फुफ्फुसात जाते. तोंड-हात सुजले, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, हा रक्तदाब वाढल्याचा इशारा असू शकतो. अंगावर पाणी जाणे, रक्त दिसणे, बाळाची हालचाल मंदावणे, अशा वेळी तेलाची वाटी बाजूला ठेवून 108 ला फोन करावा. तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांना मोफत पाहतात. 2016 पासून ही सोय आहे.

हे सारे झाले आपल्या घरचे. गळीत हंगामात आम्ही तोडीच्या फडात गेलो होतो. टोळी नांदगावकडची. एक बाई मोळी बांधत होती, सातवा महिना सरत आलेला. कंबर दुखते का, विचारले.

“दुखती ना. पण चोळनार कोन? आई तिकडं, सासू पल्याडच्या फडात.”

नवरा-बायको मिळून एक कोयता. ती बसली तर अर्धा कोयता बसला, उचल मात्र पुरती फेडायची. म्हणून मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून ट्रकमध्ये चढत होती. तिच्या कंबरेला तेलापेक्षा आधी ती फळी सुटायला हवी.

ज्या सभासदाच्या रानात तोड चालू असेल, त्याने मुकादमाला गाठून विचारावे, टोळीत दोन जिवांची कोणी आहे का? असेल तर तिला वाढे बांधायला बसवा, भरणीला नको. गावच्या आशाताईंना कोप्यांवर एक फेरी मारायला सांगा. आणि संध्याकाळी घरची माउली वाटीभर तेल घेऊन तिकडे गेली, तर तिला अडवू नका.