जोड

आमच्या तालमीच्या दारात एक बाप उभा होता. शेजारच्या गावचा, बंदराच्या रस्त्यावर स्वतःचा ट्रेलर चालवणारा. अकरा वर्षांचा पोऱ्या हौदात फावड्याने माती उकरत होता. बापाची नजर भिंतीवरच्या माझ्या जुन्या फोटोंवर होती. म्हणाला, ‘दादूस, यान मिलतं किती?’

प्रश्न सरळ होता. मी मात्र घाईत दोन वाक्यं बोलून त्याला वाटेला लावलं, आणि ते मनाला लागून राहिलं. पोरगा या वाटेला लावण्याआधी बापाला सगळा हिशोब कळायला हवा. मी बारा वर्षं मैदानं केली, आता उरणजवळच्या जासईत पोरं घडवतो. मला माहीत आहे तेवढं इथे क्रमाने सांगतो.

आधी जातं किती, ते. तालमीत राहणाऱ्या, ऐंशी किलो वजनाच्या पोराचा दिवसाचा खुराक धरू: म्हशीचं दूध दोन लिटर, बदाम दोनशे ग्रॅम, तूप शंभर ग्रॅम, सहा अंडी, अर्धा किलो चिकन, थोडी फळं. भाकरी, भात, डाळ वेगळी. मी दुकानात देतो त्या भावाने हे दिवसाला सहाशेच्या घरात जातं, म्हणजे महिन्याला अठरा हजार. एवढं कशाला, असं घरचे विचारतात. सकाळ-संध्याकाळ मिळून चार-पाच तास मेहनत करणाऱ्या अंगाला साध्या माणसाच्या दुप्पट अन्न लागतं. ते मिळालं नाही तर अंग स्वतःलाच खातं. पोरगा महिन्याभरात उतरतो आणि दुखापती सुरू होतात. बदाम रात्री भिजत घालायचे, सकाळी सोलून खसखस-मिरीबरोबर घोटायचे. ही थंडाई मेहनतीनंतर. आमच्या आगरी घरात भात आणि मासळी होती, दूध चहापुरतं. माझ्या आईने माझ्यासाठी म्हैस घेतली तेव्हा गावात त्याची चर्चा झाली होती.

दुसरा खर्च मातीचा. आमची जमीन खाजणाची, काळी आणि चिकट. तिच्यावर पडलेला माणूस खरचटून उठतो. म्हणून तांबडी माती ट्रकने आणावी लागते. ती चाळायची, मग तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर आणि काव मिसळायची. तेलाने धूळ बसते, ताकाने माती मऊ होते, हळद खरचटलेल्या कातडीसाठी. हौद रोज उकरावा लागतो, नाहीतर माती दगडासारखी बसते. उकरायचं काम पोरांनीच करायचं. फावड्याने खांदे आणि कंबर जशी तयार होते तशी दुसऱ्या कशानेही होत नाही, असं माझे वस्ताद म्हणत आणि मलाही ते पटलेलं आहे.

दिवस पहाटे साडेचारला उघडतो. जोर, सपाट्या, बैठका, मग लढत. इथे पहिल्यांदा ‘जोड’ हा शब्द येतो. एकट्याने मेहनत करून शरीर होतं, पैलवान होत नाही. पट काढायचा हात, ढाकेची पकड, धोबीपछाडीत खांद्यावर आलेलं वजन, हे सगळं समोरच्या अंगातून शिकायचं असतं. ते अंग आपल्यापेक्षा थोडं वरचढ असावं लागतं. चांगल्या तालमीत मोठा पैलवान लहान पोरांना पाळीपाळीने अंगावर घेतो, मुद्दाम पकड देतो, सोडवून घ्यायला लावतो. कोल्हापूरच्या गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची ताकद हीच आहे: तिथे कुठल्याही वजनाच्या पोराला दहा जोडी मिळतात. आमच्या उरण-पनवेलच्या पट्ट्यात ताकदीची पोरं नेहमी होती, जोडी नव्हत्या. म्हणून मला सतराव्या वर्षी कोल्हापूरला जावं लागलं. आजही माझ्याकडचा पोरगा सोळा-सतराचा झाला की मी त्याला ठेवून घेत नाही, घाटावर पाठवतो.

आता येतं किती. दिवाळी झाली की मैदानं सुरू होतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतात. आमच्याकडच्या जत्रा बहुतेक चैत्रातल्या. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात आखाडा होतो. कमिटी वर्गणी काढते, इनामं ठरवते. वरच्या दोन-चार कुस्त्या आधी जुळवलेल्या असतात, त्यांच्या जोड्या पत्रकावर छापतात. बाकीच्या मैदानातच लागतात. दुपारी नारळ फोडून लहान पोरांपासून सुरुवात होते. नारळावर, रेवड्यांवर, दहा-वीस रुपयांवर. मोठ्या पोरांसाठी कमिटीचा माणूस पोराचा हात वर धरून त्याला आखाड्याभोवती फिरवतो आणि इनामाचा आकडा पुकारतो. कुणी समोर आला की दोघांना शेजारी उभं करून पंच बघतात: उंची, वजन, मान, मांड्या, कुठल्या तालमीचा, कुणाचा पठ्ठा. लोक ओरडून सांगतात, जोड बरोबर आहे की नाही. बरोबर ठरली की हलगी कडाडते, सलामी होते, कुस्ती लागते.

पैलवानाचं मोल जोडीत असतं, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. त्याला वाटतं, जो सर्वांत ताकदवान तो सर्वांत जास्त कमावत असेल. मैदानात तसं नाही. फार वरचढ पैलवानाला जोडच मिळत नाही. तो हात वर करून दोन फेऱ्या मारतो, कुणी पुढे येत नाही, आणि भाड्याचे पैसे खिशातून घालवून तो घरी जातो. कमिटीला लोक आणणारी कुस्ती हवी असते, आणि ज्या कुस्तीचा निकाल आधीच दिसतो तिला लोक येत नाहीत. म्हणून नाव असलेल्या पैलवानाला तोडीचं दुसरं नाव लागतं. माझ्या सगळ्यांत चांगल्या तीन हंगामांत माझी एक नंबरची कुस्ती पुन्हा पुन्हा त्याच एका पैलवानाशी लागली. आम्ही एकमेकांना पाडलं, आणि एकमेकांचं घरही चालवलं. त्याच्याबद्दल मला आजही भावासारखं वाटतं.

इनाम जिंकणाऱ्याला मिळतं, कुस्ती बरोबरीत सुटली की निम्मं-निम्मं होतं. याच फटीतून नुरा कुस्ती शिरते. हरलं की पुढच्या वर्षीचा भाव पडतो, दुखापत झाली की हंगाम जातो. मग दोघं आधीच ठरवतात की खडाखडी करायची, वेळ काढायचा आणि वाटून घ्यायचं. जाणता प्रेक्षक ते ओळखतो: हात मानेवरून खाली येत नाहीत, पटाला कुणी जात नाही, आणि पकड बसली तरी अंगात जोर दिसत नाही. मी हे एकदा केलं. गुडघा सुजलेला होता, घरी पैशाची नड होती. ती कारणं खरी होती, आणि तरीही समोर बसलेल्या म्हाताऱ्याने मान फिरवली ती मला अजून दिसते. त्या गावात मी पुन्हा लढलो नाही. आता बऱ्याच कमिट्या ‘निकाली’ कुस्ती जाहीर करतात: ठरल्या वेळेत चितपट झाली नाही तर गुणांवर सोडवायची. ही सुधारणा चांगली आहे.

ठरवून खेळलेल्या कुस्तीचा एक वेगळा, उघड धंदाही होता. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि हंगेरियन किंग काँग यांना बघायला तिकीट काढून गर्दी व्हायची. २९ मे १९६८ ला दारासिंगने मुंबईतच अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. त्या धंद्यात इनाम नसतं, गल्ला असतो. तो आयोजक सांभाळतो आणि पैलवान पुढे आपल्या नावावर जगतो. दारासिंगला सिनेमा मिळाला. जत्रेच्या पैलवानाचं नाव तालुक्याबाहेर जात नाही.

मग खुराकाचे अठरा हजार येतात कुठून? इनामातून येत नाहीत, पूर्वीही येत नव्हते. कुस्ती नेहमी कुणाच्या तरी आश्रयावर उभी राहिली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवानांना पोसलं आणि १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं केलं. बसण्याची उतरती रचना अशी की शेवटच्या रांगेतूनही माती दिसते. संस्थानं गेल्यावर ती जागा सहकारी साखर कारखान्यांनी घेतली. मल्लांना मानधन देण्याची पद्धत तिथे रुजली. वारणानगरला दर १३ डिसेंबरला मोठं मैदान होतं ते त्याच परंपरेतलं. मुंबईत गिरणीतल्या सातारा-कोल्हापूरकडच्या कामगारांनी आपल्या तालमी चालवल्या. आमच्या किनाऱ्यावर ऊस नव्हता आणि गिरणी नव्हती. मिठागरं आणि भात होतं, मग जमिनीचे पैसे आले, बंदर आलं. त्यानंतर जत्रांची इनामं वाढली हे मी डोळ्यांनी पाहिलं. तालमी मात्र वाढल्या नाहीत. एका दिवसाच्या इनामाला देणगीदार मिळतो, वर्षभराच्या दुधाला मिळत नाही. कुणी मोठी देणगी द्यायला आला की मी त्याला सांगतो, गदा नको, चार पोरांचं दूध बांधून द्या.

वरची शिडी अशी: तालुका, जिल्हा, मग महाराष्ट्र केसरी. ही स्पर्धा १९६१ पासून आहे. पहिले मानकरी दिनकर दह्यारी. खुला गट ८६ ते १२५ किलोचा. मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता शेवटी एकमेकांशी लढतात. गादीचा खेळ वेगळा आहे: तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंद, प्रत्येक हालचालीला गुण, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. माती पाय धरून ठेवते, तिथे ताकद आणि धीर चालतो. गादीवर पाय सुटतात, तिथे वेग चालतो. मातीतला पैलवान गादीवर पहिले सहा महिने नुसता मागे पडतो, कारण तो समोरच्याला दमवायची वाट बघतो आणि तेवढ्यात वेळ संपतो. म्हणून आता मी पोरांना बाराव्या वर्षापासून दोन्ही देतो.

किताबाचे पैसेही भरवशाचे नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटील महाराष्ट्र केसरी झाला तेव्हा हातात गदा आली, रोख बक्षीस नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात शिवराज राक्षेला गदा, थार गाडी आणि पाच लाख मिळाले. त्याच वेळी सरकारने महाराष्ट्र केसरी आणि हिंद केसरी मल्लांचं मानधन चार हजारांवरून पंधरा हजार करण्याचं जाहीर केलं. ही वाढ मोलाची आहे. पण वरचा अठरा हजारांचा आकडा आठवून बघा.

पैशाचं हे दुखणं मोठ्या नावांनाही चुकलेलं नाही. दर जानेवारीत जासईत माणसं जमतात. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला सरकारने घेतलेल्या जमिनीच्या भावासाठी इथले शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्या लढ्यातून आला. मी तेव्हा शाळेत होतो. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील याच गावचे, जन्म १३ जानेवारी १९२६. दोनच दिवसांनी, १५ जानेवारी १९२६ ला, कराडजवळ गोळेश्वरला पैलवान खाशाबा जाधव जन्मले. हुतात्म्यांच्या स्मारकापाशी उभा असलो की त्या आठवड्यात मला खाशाबाही आठवतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून कर्ज फेडलं. पोट भरलं ते पोलिसातल्या नोकरीने, तीही १९५५ मध्ये लागली. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यानंतर कित्येक वर्षांनी आला.

म्हणून पोराच्या बापाला मी सांगतो की पहिल्या दिवसापासून जोडधंदा डोळ्यांसमोर ठेवा, आणि त्यासाठी दहावी-बारावी सोडू नका. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, सैन्यदल मल्ल घेतात. सैन्याच्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीत आठ ते चौदा वर्षांची पोरं घेतात, त्यांचा खुराक आणि शाळा तिथेच होते. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाला, राष्ट्रकुल सुवर्ण जिंकणारा राहुल आवारेही. राहुल घडला हरिश्चंद्र बिराजदार आणि नंतर काका पवार यांच्या हाताखाली. दोघेही स्वतः नावाजलेले मल्ल. चांगला पैलवान पुढे वस्ताद झाला तर ज्ञान वाया जात नाही, पण त्यावर घर चालेलच असं नाही. मी दिवसा कंटेनर यार्डात काम करतो.

शरीराचंही सांगायला हवं. घासून कान सुजला की कुर्चा आणि तिच्यावरचं पातळ आवरण यांच्यामध्ये रक्त साठतं. ते लगेच डॉक्टरकडून काढून कान बांधला तर आकार टिकतो, नाहीतर आतली कुर्चा मरते आणि कान कायमचा मोडतो. पोरं मोडलेला कान मिरवतात, मी त्यांना दवाखान्यात नेतो. गुडघ्यावर सूज असताना लढू नये. मी लढलो आणि एकोणतिसाव्या वर्षी थांबलो. थांबल्यावरचं संकट कुणी सांगत नाही. मेहनत एका दिवसात सुटते, भूक सुटत नाही. अंगाला दोन लिटर दुधाची सवय असते आणि बैठका शून्यावर आलेल्या असतात. माझ्याबरोबरचे कितीतरी जण चाळिशीत साखर आणि रक्तदाब घेऊन बसले. म्हणून खुराक हळूहळू, वर्षभरात उतरवायचा आणि चालणं सोडायचं नाही.

पंधरा दिवसांनी तो बाप पुन्हा आला. मी त्याला वहीच्या पानावर हा हिशोब लिहून दिला. त्याने तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि पोऱ्याला किती वाजता आणायचं ते विचारलं. साडेचार म्हणालो. लंगोट तालमीचा, दूध त्याच्या घरचं, आणि जोड मी शोधून ठेवली आहे: गव्हाणचा एक पोरगा, वजनाने दीड किलो वरचढ.