दरड कोसळते तेव्हा आत काय घडते

सह्याद्रीचा डोंगर लांबून एकसंध कातळ वाटतो, पण त्याचे उतार तसे नसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा खडक बनला. त्याचा वरचा भाग ऊनपावसाने कुजून मुरूम आणि माती होतो. खाली घट्ट कातळ आणि वर काही मीटर जाडीचा सैल थर, हा थर उतारावर टिकतो तो कणाकणांतल्या घर्षणाच्या बळावर.

पावसाचे पाणी मुरमातून सहज मुरते, कातळाशी मात्र अडते. दोन-चार दिवसांची झड लागली की मधल्या पोकळ्या भरतात आणि कोंडलेले पाणी कणांना एकमेकांपासून रेटू लागते. भिजल्याने मातीचे वजन वाढते हे खरे, पण मुख्य घात हा दाब करतो. घर्षण सुटले की झाडे-घरांसकट अख्खा थर चिखल होऊन खाली येतो.

आंबेगाव तालुक्यातले माळीण 30 जुलै 2014 रोजी पहाटे असेच गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. सकाळच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेर बातमी कळली. पुढे 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातले तळिये, 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या. तोवर डोंगर पाणी पिऊन तुडुंब झालेला असतो, मग एखादी मोठी सर पुरते.

रस्त्यासाठी पायथा कापला की वरच्या थराचा टेकूच निघतो. झाडांची मुळे माती बांधतात, पण बहुधा वरच्या एक-दोन मीटरांपुरतीच. खोलवरच्या दरडीपुढे त्यांचे काही चालत नाही. उतारावर नव्या भेगा, कललेले खांब, एकाएकी गढूळ झालेला किंवा आटलेला झरा दिसला, तर वस्ती तत्काळ हलवावी.

जमीन खचून विवर पडणे हा प्रकार निराळा. चुनखडी पाण्यात विरघळून तो जगभर घडतो. बेसाल्टच्या महाराष्ट्रात क्वचितच. आपल्या शहरांत फुटकी जलवाहिनी किंवा गटार आतली माती वाहून नेते, डांबराचे छत तेवढे उरते आणि एखाद्या जड वाहनाखाली ते कोसळते. कधी बुजवलेली जुनी विहीरही दगा देते. जून 2021 मध्ये घाटकोपरच्या एका सोसायटीत काँक्रीटने झाकलेल्या विहिरीवर उभी केलेली मोटार पाहता पाहता पूर्ण बुडाली.