दहा दिवसांची खळ

श्रावण सरत आला, कुंपणाशी तेरडा फुलला, मूर्तिकारांच्या शाळांतून ओल्या शाडूचा गंध दरवळू लागला, की घरोघरच्या गृहिणींना माळ्यावरच्या ट्रंकेची आठवण होते. त्या ट्रंकेत गणरायाच्या आराशीचे वैभव वर्षभर निजलेले असते. मण्यांचे तोरण, जरीकाठी पडदे, चौरंगावरचे आसन, आणि या सर्वांच्या तळाशी जुन्या धोतराच्या घडीत जपलेले क्रोशाचे विणकाम. कोणाच्या आजीने विणलेली मखराची झालर, कोणाच्या आत्याच्या रुखवतात मांडलेले कमळ, कोणाच्या आईने नैवेद्याच्या ताटासाठी केलेला रुमाल.

आमच्याही ट्रंकेत अशी एक वस्तू आहे. आमच्या सासूबाईंनी विणलेली एकवीस पाकळ्यांची प्रभावळ! त्या एकवीस पाकळ्यांपैकी आज बाराच शिल्लक आहेत. उरलेल्या नऊ आमच्या अज्ञानापायी गेल्या. ते अज्ञान कोणते, आणि सासूबाईंपाशी जे ज्ञान होते ते कोणते, हे वाचक भगिनींपुढे ठेवावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

सुताला कणा हवा

क्रोशे हा मूळचा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ लहानसा आकडा. एका आकड्याच्या सुईने दोऱ्याचा फास फासातून ओढीत जाणे, एवढीच या विद्येची बाराखडी. आयर्लंडमध्ये 1845 नंतर भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तेथील कित्येक कुटुंबांना या सुईने चार घास मिळवून दिले. आपल्या देशात एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्त्रियांनी ही कला आणली, आणि आंध्रातील नरसापूर गाव तर त्या जाळीदार विणीसाठी नावारूपाला आले. परंतु परभूमीतून आलेली ही सुई मराठी घरात अशी रुळली की तिची परिभाषाही मराठी झाली. साखळी, खांब, मुका खांब हे शब्द उच्चारताना ही कला कधीकाळी परकी होती, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. देवघरातले आसन, दारावरचे तोरण आणि रुखवतातले नाना प्रकार, सर्वत्र तिचा संचार झाला.

या विणकामाचा एकच स्वभावदोष आहे. सूत अंगचेच मऊ. त्याचा रुमाल होईल, झालर होईल. परंतु कमळाची पाकळी उभी राहावयाची, कलशाचा घाट टिकावयाचा, मूर्तीमागे प्रभावळ ताठ दिसावयाची, तर सुताला कणा हवा. तो कणा म्हणजे खळ.

मध्यंतरी या साऱ्याची गरजच उरली नव्हती. थर्माकोलची तयार मखरे बाजारात आली आणि हातची आरास माळ्यावर गेली. 2018 सालच्या मार्च महिन्यात महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी घातली. तेव्हापासून कागद, कापड आणि सूत यांच्याकडे पुष्कळ घरे पुन्हा वळली. विणकाम हाती आले, परंतु मधल्या काळात खळीची रीत मात्र अनेक घरांतून पुसली गेली. आमच्या घरातूनही ती पुसली गेली होती.

सासूबाईंची खळ

सासूबाई हरतालिकेच्या चार दिवस आधी खळ करावयास बसत. त्यांची खळ साबुदाण्याची असे. पाव वाटी साबुदाणा तासभर भिजवावा, चार वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळीत शिजवावा, दाणे पूर्ण पारदर्शक होऊन विरघळू लागले की उतरवून पातळ फडक्यातून गाळून घ्यावे. खाली उतरते ते दुधट, बुळबुळीत पाणी हीच खळ. कित्येक घरांत शिजलेल्या भाताचा अंश देवाच्या जागी खरकटा मानतात. तेथे तांदळाच्या पेजेऐवजी साबुदाण्याची किंवा आरारूटाची खळ चालते. उपवासाला चालते तीच खळ देवालाही चालते, असे त्या हसून म्हणत.

साबुदाण्याऐवजी कॉर्नफ्लॉवर घेतले तर काम अधिक लवकर होते. मात्र ते मक्याचे पांढरे सत्त्व घ्यावे, पिवळे पीठ नव्हे. दोन मोठे चमचे सत्त्व अर्ध्या वाटी थंड पाण्यात कालवावे, गुठळी राहू देऊ नये, आणि दीड वाटी उकळत्या पाण्यात ते एका हाताने ओतीत दुसऱ्या हाताने ढवळावे. पांढरेपणा जाऊन मिश्रण काचेसारखे दिसू लागले की खळ झाली. प्रथम थंड पाण्यात कालवावयाचे, यामागे कारण आहे. सत्त्वाचे सूक्ष्म कण थंड पाण्यात नुसते तरंगतात. साठ-सत्तर अंशांपलीकडे पाणी तापले की ते पाणी पिऊन फुगतात आणि फुटून चिकट होतात. कोरडे पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकले तर वरचा थर आधी चिकटतो आणि आत कोरड्या पिठाची गोळी तशीच राहते.

खळ कोमट झाली की विणकाम प्रथम स्वच्छ धुऊन, ओलसर असतानाच, तीत बुडवावे. रंगीत दोरा असेल तर त्याचा रंग जात नाही ना, हे एका टोकाला आधी पाहून घ्यावे. पिळू नये, दोन तळव्यांत दाबून जादा खळ काढावी, नाहीतर जाळीच्या भोकांत पडदे धरतात. मग जाड पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा कागद अंथरून, त्यावर पाकळी बोटांनी ओढून बसवावी आणि टाचण्या लावाव्यात. टाचण्या पितळी किंवा न गंजणाऱ्या असाव्यात. साध्या लोखंडी टाचणीचा तांबूस डाग ओल्या सुतावर एका रात्रीत पडतो आणि पुढे निघत नाही. कलशाचा घाट हवा असेल तर तांब्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी आणि त्यावर विणकाम चढवावे. वाटीचा घाट हवा असेल तर वाटी पालथी घालावी.

भाद्रपदातली हवा दमट. पंख्याखाली एक संपूर्ण दिवस आणि रात्र दिल्यावाचून वस्तू वाळत नाही. घाईने उचलली की पाकळी मान टाकते. एका थराने ताठपणा कमी वाटला तर वाळल्यावर दुसरा हलका थर ब्रशने द्यावा. एकच दाट थर देण्यापेक्षा दोन पातळ थर केव्हाही बरे. दाट खळ वाळल्यावर पांढरट दिसते आणि तिचे पोपडे सुटतात.

काय टाळावे, काय केव्हा वापरावे

साखरेच्या पाकानेही विणकाम ताठ होते. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच तापवावे. पाकाला तार येऊ देऊ नये, अन्यथा दोऱ्यावर कण धरतात. ही वस्तू खळीच्या वस्तूपेक्षा कडक होते आणि तिला चमकही सुंदर येते. परंतु पावसाळ्यात साखर हवेतले पाणी ओढते, पाकळी चिकचिकीत होते, आणि मोदकांच्या आधी मुंग्याच मखरात येऊन बसतात. पाकाची जागा पौष-माघातली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगुळासाठी क्रोशाच्या लहान परड्या करावयाच्या, तर त्या कोरड्या हवेत पाक उत्तम.

बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळला तर तोही चालतो. मात्र पांढऱ्या दोऱ्यावर त्याची पिवळसर झाक येते. जिलेटिन ताठपणा चांगला देते, परंतु ते जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून निघते. देवघरात ज्या घरांना ते चालत नाही, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. पुस्तके बांधणारे लोक खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालतात. ते विष आहे. जेथे नैवेद्याचे ताट येते, जेथे बालके हात लावतात, तेथे मोरचुदाचे काम नाही.

आणखी एक सावधगिरी. खळ दिलेले सूत ताठ असले तरी शेवटी सूतच. निरांजन, समई आणि धूप यांच्यापासून ते निदान हातभर दूर असावे. आरतीच्या वेळी ताट फिरते, हे धरून अंतर ठेवावे.

आमची चूक

आता आमच्या नऊ पाकळ्यांची कथा. सासूबाई गेल्या त्याच्या पुढल्या वर्षी चतुर्थी जवळ आली आणि आमच्या हाती वेळ थोडा होता. दरवर्षी शिजवा, बुडवा, वाळवा, आणि विसर्जनानंतर पुन्हा धुवा, हा खटाटोप कशाला, असे आमच्या मनाने घेतले. लाकूड जोडण्याचा पांढरा गोंद पाण्यात कालवून आम्ही प्रभावळीला लावला. एकदा ताठ केली की जन्माची ताठ! पहिल्या वर्षी सर्वांनी वाखाणणी केली. दुसऱ्या वर्षी ट्रंकेतून काढून फक्त उभी केली, आणि आपण सासूबाईंपेक्षा शहाण्या झालो असेही क्षणभर वाटून गेले.

तिसऱ्या वर्षी धूळ आणि धुपाचा धूर पाकळ्यांत रुतलेला दिसला. धुवावयास घेतली तर गोंद पाण्यात फुगला, मऊ झाला, परंतु दोऱ्याच्या पोटातून निघाला नाही. काळवंडलेली ती प्रभावळ पुन्हा वाळवून, ट्रंकेत मावावी म्हणून आम्ही मधोमध दुमडली. पुढल्या भाद्रपदात उघडली तेव्हा घडीच्या रेषेवर दोरा तुटलेला होता. मऊ सूत हजार वेळा वाकते. कडक झालेले सूत एकदाच. सावरण्यासाठी जी पाकळी हाती घ्यावी ती उसवत गेली, आणि अशा नऊ गेल्या.

त्या दिवशी सासूबाईंचे एक वाक्य आठवले. विसर्जनाहून आल्यावर, अंगावर पावसाचे पाणी तसेच असताना, त्या म्हणत, “आधी प्रभावळ भिजत घाला. खळ देवाच्या दहा दिवसांची, सूत घराचे.” आम्हाला तो नुसता स्वच्छतेचा आग्रह वाटे. त्याचा अर्थ पाकळ्या गमावल्यावर कळला.

खळ काढणे हेच जतन

खळ म्हणजे अन्नच. खळ दिलेले वस्त्र बंद ट्रंकेत ठेवणे म्हणजे कसर, झुरळे आणि उंदीर यांना पानावर बोलावणे होय. शिवाय ताठ घडीवर दोरा मोडतो तो निराळाच. म्हणून अनंत चतुर्दशीनंतर, अथवा ज्या घरी दीड, पाच वा सात दिवसांचा गणपती असतो तेथे त्या त्या विसर्जनानंतर, विणकाम कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवावे. सकाळी सौम्य साबणाने हलक्या हाताने धुऊन, दोन-तीन पाण्यांतून काढून, सावलीत पसरून वाळवावे. बोटांना बुळबुळीतपणा लागला तर खळ अद्याप आहे असे समजून पुन्हा भिजवावे. पूर्ण वाळल्यावर धुवट सुती कापडात, शक्यतो घडी न घालता गुंडाळी करून, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवावे.

विणकरांची रीत पाहिली तर हेच दिसते. सोलापूर, इचलकरंजीकडे ताण्याच्या सुताला मागावर चढविण्यापूर्वी खळ देतात, म्हणजे ते घर्षणाने तुटत नाही. आणि कापड विणून झाले की ती खळ धुऊन काढतात. ताठपणा कामापुरता. काम संपले की सुताला त्याचा मऊपणा परत द्यावयाचा.

आपल्या पूजेची घडणही निराळी नाही. पार्थिव मूर्तीत देवाला प्राणप्रतिष्ठेने बोलवावे, दहा दिवस मनोभावे सेवा करावी, उत्तरपूजेनंतर मातीला पाण्याच्या स्वाधीन करावे. मूर्तीलाच आपण कायमची धरून ठेवीत नाही, तर तिच्या मागच्या प्रभावळीला कायमचे ताठ करण्याचा हट्ट आम्ही का धरावा? दरवर्षीचा तो खटाटोप हीच सेवा होती. ती टाळावयास गेलो आणि वस्तूच गमावून बसलो.

असो. यंदा आमच्या घरी साबुदाणा पुन्हा भिजत पडला आहे. उरलेल्या बारा पाकळ्यांचा गोंद जेवढा निघाला तेवढा निघाला. त्यांची पिवळी झाक आता जाणार नाही. नऊ नव्या पाकळ्या आमची सून विणीत आहे. सहा झाल्या आहेत. जुन्या पाकळीवरचे खांब मोजून ती नवी घालते आणि चुकले की उसवते. तिची वीण सासूबाईंच्या विणीइतकी घट्ट नाही, पांढऱ्याशेजारी पिवळे उठून दिसेल, हेही आम्ही जाणतो. दिसू द्यावे. गणरायाच्या मागे यंदा दोन पिढ्यांचे हात उभे राहतील, आणि विसर्जनाच्या रात्री दोन्हींची खळ एकाच घंगाळात उतरेल.