सोलाण्याची जाड मूठ

बटाटे सोलताना कधी सोलाण्याच्या मुठीकडे बघितलंय? पूर्वी ती नुसती पत्र्याची असायची, बोटांत रुतणारी. अमेरिकेतले सॅम फार्बर स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या धंद्यातून निवृत्त झाले होते. पत्नी बेट्सी यांना संधिवात. सफरचंद सोलायचं तर सोलाणं हातात धरवेना. मग फार्बर यांनी ‘स्मार्ट डिझाइन’ या डिझाइन संस्थेतल्या मंडळींना हाताशी धरलं आणि १९९० मध्ये ‘ऑक्सो गुड ग्रिप्स’ हे सोलाणं बाजारात आलं.

सगळी गंमत मुठीत आहे. जाड, म्हणून बोटं घट्ट आवळावी लागत नाहीत. लंबगोल, म्हणून ओल्या हातातही गरकन फिरत नाही. रबरासारखा मऊ माल, आणि अंगठा टेकतो तिथे दाबल्यावर वाकणाऱ्या बारीक पट्ट्या! ही युक्ती सुचली सायकलच्या हँडलवरच्या मुठींवरून.

दुखऱ्या हातांसाठी केलेली वस्तू धडधाकट माणसांनीही उचलली, साध्या सोलाण्यापेक्षा महाग असूनही. आज ते सोलाणं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. (सोलाणं, संग्रहालयात! आमच्या आजीला हे पटलं नसतं; तिची विळी बरी.)

पुढच्या वेळी दुकानात धार बघाच, पण आधी हात ओला आहे असं समजून मूठ आवळून बघा.