अमळनेरच्या तेलगिरणीतून उभा राहिलेला लोकहिताचा निधी

जळगाव जिल्ह्यातील अमळनेर या गावाला दानशीलतेची परंपरा आहे. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये येथे तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. याच गावी २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही वनस्पती तूप तयार करणारी कंपनी काढली. अमळनेरच्या अनेक कुटुंबांनी तिचे शेअर घेतले. १९६६ मध्ये प्रेमजींचे निधन झाले आणि २१ वर्षांचे अझीम प्रेमजी यांनी कारभार हाती घेतला. ही कंपनी पुढे 'विप्रो' या नावाने जगभर पोहोचली.

२००१ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनची स्थापना झाली. येथील दानाची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. एकरकमी देणगी दिली की ती खर्ची पडते. प्रेमजींनी मात्र शेअरच धर्मादाय कार्यासाठी राखून ठेवले. २०१९ पर्यंत विप्रोच्या सुमारे ६७ टक्के शेअरचे आर्थिक लाभ या कार्यास वाहिले गेले. त्यामुळे कार्याला उत्पन्नाचा स्थायी आधार लाभला.

या निधीच्या विनियोगाचे दोन मार्ग आहेत. पहिला प्रत्यक्ष कार्याचा : अनेक राज्यांतील शासकीय शाळांच्या शिक्षकांसमवेत काम, तसेच २०१० मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेले विद्यापीठ. दुसरा अनुदानाचा : पोषण, स्थानिक स्वराज्य, अत्याचारपीडित स्त्रिया, रस्त्यावरील मुले आदी क्षेत्रांतील सेवाभावी संस्थांना साहाय्य.

शासनाशी सहकार्याचे उदाहरण कर्नाटकाचे आहे. तेथे शासन विद्यार्थ्यांना आठवड्यातून दोन दिवस अंडी देत असे. २०२४ मध्ये फाउंडेशनने तीन वर्षांसाठी सुमारे दीड हजार कोटी रुपयांचा भार उचलल्याने उरलेल्या चार दिवसांचीही सोय झाली. वितरणाची यंत्रणा मात्र शाळांचीच राहिली.

यातील बोध स्पष्ट आहे. खाजगी दान कितीही मोठे असले, तरी प्रत्येक बालकाच्या शिक्षणाचे दायित्व शासनाचेच आहे. दानाने त्या यंत्रणेला बळ द्यावे, तिची जागा घेऊ नये. गावातील शाळेसाठी देणगी स्वीकारताना पंचायत सदस्यांनी आणि शिक्षकांनी प्रथम एवढेच पाहावे : देणगीची मुदत संपल्यावर हे काम कोण चालवील?